पक्षाघातोत्तर स्नायू-ताठरतेवरील उपचारांचा इतिहास : स्नायुताण, मापन आणि हाताचे कार्य

सारांश

पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेल्या अनेक रुग्णांच्या हातापायांत काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ताठरता येते. वैद्यकीय परिभाषेत तिला ‘स्पॅस्टिसिटी’ असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आजपर्यंत या अवस्थेवर शस्त्रक्रिया, रासायनिक अवरोध, तोंडी औषधे, भौतिकोपचार आणि बोट्युलिनम विष असे नानाविध उपचार झाले. या उपचारांचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. स्नायूचा ताण कमी करण्यात वैद्यकशास्त्राला उत्तरोत्तर यश आले. परंतु ताण कमी होणे आणि हात पुन्हा उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव संशोधकांना पुनःपुन्हा नव्याने करून घ्यावी लागली, असे या इतिहासावरून दिसते.

बीजसंज्ञा : पक्षाघात, स्पॅस्टिसिटी, स्नायुताण, बोट्युलिनम विष, पुनर्वसन, मापनश्रेणी.

प्रास्ताविक

मराठीत पक्षाघात, अर्धांगवायू व लकवा हे शब्द सामान्यतः एकाच अर्थाने वापरले जातात. शरीराच्या एका बाजूची हालचाल नाहीशी होते, ही गोष्ट प्राचीनांना ठाऊक होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधींच्या अध्यायात एका बाजूची चेष्टा नष्ट होण्याचे वर्णन आहेच; शिवाय हात वा पाय आखडून जाणे आणि त्यासोबत वेदना होणे याचाही उल्लेख तेथे आढळतो. म्हणजे अशक्तपणा आणि आखडणे ही दोन्ही लक्षणे निरीक्षणास आलेली होती.

आधुनिक वैद्यकासमोरील चित्रही तेच आहे. झटक्यानंतर प्रथम हातपाय लुळे पडतात. पुढे काही रुग्णांमध्ये हळूहळू कोपर वाकते, मनगट खाली झुकते, मूठ घट्ट मिटते, पाऊल खाली व आत वळते. मूठ उघडत नसल्याने तळव्याची स्वच्छता राहत नाही, नखे तळव्यात रुततात, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे कठीण होते. हा भार रुग्णावर असतो, तसाच त्याची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांवरही असतो. त्यामुळे ‘ही ताठरता गेली तर हात पुन्हा चालू लागेल काय?’ हा प्रश्न रुग्ण, कुटुंब आणि वैद्य या तिघांच्याही मनात स्वाभाविकपणे उभा राहतो. या प्रश्नाला वेगवेगळ्या काळी कोणती उत्तरे दिली गेली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. संकल्पनेची जडणघडण

इंग्रज मज्जाविकारतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी मज्जासंस्थेच्या विकारांतील लक्षणांचे दोन वर्ग मानले. मेंदूचा भाग नष्ट झाल्यामुळे जी क्षमता जाते ती ‘अभावात्मक’ लक्षणे, आणि वरच्या केंद्रांचा अंकुश सुटल्यामुळे खालच्या केंद्रांची जी अनिर्बंध क्रिया दिसते ती ‘भावात्मक’ लक्षणे होत. १८८४ सालच्या क्रूनियन व्याख्यानांत त्यांनी हा विचार विस्ताराने मांडला. पक्षाघाताच्या रुग्णातील अशक्तपणा पहिल्या वर्गात मोडतो, तर ताठरता दुसऱ्या वर्गात. पुढील सर्व वादाचे बीज या विभागणीत आहे. कारण उपचाराने अंकुश सुटलेली क्रिया दाबता आली, तरी त्यामुळे गेलेली क्षमता परत येईलच असे नाही.

चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९८ साली या विचाराला प्रायोगिक पाया दिला. मांजराच्या मेंदूचा वरचा भाग विशिष्ट पातळीवर तोडला असता चारही पाय ताठ होतात, आणि पायाकडून मज्जारज्जूत जाणारी संवेदी मुळे कापली की त्या पायाचा ताठरपणा नाहीसा होतो, असे त्यांनी दाखविले. म्हणजे ताठरता ही निव्वळ स्नायूतील विकृती नसून स्नायूकडून निघणाऱ्या आणि स्नायूकडेच परतणाऱ्या प्रतिक्षिप्त वर्तुळाचा तो परिणाम होता. शेरिंग्टन यांना पुढे १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या संकल्पनेला नेमकी व्याख्या लाभण्यास मात्र बराच काळ जावा लागला. ऑस्ट्रेलियन मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्येनुसार, ताणण्याचा वेग जितका अधिक तितका स्नायूचा प्रतिक्षिप्त विरोध अधिक, हे स्पॅस्टिसिटीचे मुख्य लक्षण होय. ही व्याख्या आजही प्रमाण मानली जाते. तथापि, दीर्घकाळ आखडलेल्या स्नायूत व कंडरेत प्रत्यक्ष रचनात्मक बदल होतात, ते आखूड व कठीण बनतात, आणि या कठीणपणाचा प्रतिक्षिप्त क्रियेशी थेट संबंध नसतो, हेही पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. बाहेरून दोन्हींचा अनुभव ‘ताठ’ असाच येत असला, तरी त्यांवरील उपाय भिन्न आहेत.

२. शस्त्रक्रिया, रासायनिक अवरोध आणि तोंडी औषधे

शेरिंग्टन यांच्या प्रयोगाचा मानवी उपचारासाठी उपयोग करण्याचे श्रेय ब्रेस्लाऊ येथील ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडे जाते. १९०८ पासून त्यांनी ताठरता असलेल्या रुग्णांत मज्जारज्जूची निवडक संवेदी मुळे कापण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली. ताठरता कमी होई, परंतु त्याची किंमत संवेदना गमावून मोजावी लागण्याचा धोका असे. उल्लेखनीय गोष्ट अशी की, फोर्स्टर हे व्यायामोपचाराचेही आद्य पुरस्कर्ते होते. केवळ मुळे कापून भागत नाही, त्यानंतर हालचालीचे शिक्षण दिले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. लेनिन यांना पक्षाघाताचे झटके आल्यानंतर १९२२ पासून त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांमध्ये फोर्स्टर यांचा समावेश होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर शस्त्रक्रियेऐवजी रसायनांकडे लक्ष वळले. १९५९ साली मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात फिनॉल टोचून ताठरता घटविण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले, तर १९६० च्या दशकात विशिष्ट मज्जातंतूवर फिनॉल टोचण्याची पद्धत रूढ होऊ लागली. फिनॉल स्वस्त होते आणि त्याचा परिणामही दीर्घकाळ टिके. परंतु ते तंतूचा नाश करी, आणि संवेदी तंतूला इजा झाल्यास दाहयुक्त वेदना मागे राहत.

तोंडी औषधांपैकी बॅक्लोफेनचा इतिहास लक्षणीय आहे. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत हाइन्रिख केबेर्ले यांनी १९६२ साली हे औषध अपस्मारासाठी तयार केले. त्या विकारावर ते निराशाजनक ठरले, परंतु काही रुग्णांची ताठरता त्याने कमी झाली आणि औषधाला नवे प्रयोजन लाभले. १९७७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यापूर्वी डायझेपाम वापरात होते आणि १९७४ साली डँट्रोलीनलाही तेथे मान्यता मिळाली होती. या सर्व औषधांची मर्यादा एकच होती : ती एका हातापुरती न राहता सर्व शरीरावर परिणाम करीत. पक्षाघाताच्या रुग्णाला गुंगी येई अथवा त्याची चांगली बाजूही अशक्त होई. हा दोष टाळण्यासाठी पेन व क्रॉइन यांनी १९८४ साली बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडण्याची पद्धत मांडली. त्यासाठी पुढे त्वचेखाली बसविलेला पंप वापरला जाऊ लागला. ‘सिस्टर्स’ या ६० पक्षाघात-रुग्णांवरील चाचणीत पायाचा ताण तोंडी औषधांपेक्षा या पद्धतीने अधिक घटला, असा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला.

३. मापनाचा प्रश्न आणि लँडाऊ यांचा आक्षेप

उपचार यशस्वी झाला हे ठरविण्यासाठी मोजमाप लागते. या क्षेत्रातील सर्वाधिक प्रचलित मोजमाप ब्रायन ॲशवर्थ यांनी १९६४ साली दिले. त्यांचा निबंध पक्षाघातावर नव्हता. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवरील कॅरिसोप्रोडोल या औषधाच्या चाचणीसाठी त्यांनी शून्य ते चार अशी पाच पायऱ्यांची श्रेणी वापरली होती. परीक्षकाने रुग्णाचा अवयव हलवायचा, हाताला जाणवणारा विरोध अजमावायचा आणि त्याला अंक द्यायचा, इतकी ती सोपी होती. बोहॅनन व स्मिथ यांनी १९८७ साली तिच्यात आणखी एक पायरी घालून तिला सुधारित रूप दिले आणि तेच रूप सर्वत्र पसरले.

या सोपेपणातच तिची अडचण होती. या श्रेणीत अवयव परीक्षक हलवितो, रुग्ण नव्हे. रुग्ण स्वतः पेला उचलू शकतो काय, हे तिच्यातून कळत नाही. तसेच जाणवणारा विरोध प्रतिक्षिप्त क्रियेमुळे आहे की स्नायू आखूड झाल्यामुळे, हेही ती सांगत नाही. तरीही दीर्घकाळ अनेक चाचण्यांचे यशापयश याच अंकावर ठरत राहिले.

विल्यम लँडाऊ यांनी १९७४ साली नेमका या मनोभूमिकेवर हल्ला चढविला. स्पॅस्टिसिटी ही एका दानवाची दंतकथा असून तिच्यावरील नवा उपचार म्हणजे गोष्टीतील सम्राटाच्या नव्या वस्त्रासारखा आहे, अशा आशयाचे शीर्षक त्यांनी आपल्या निबंधाला दिले होते. रुग्णाला पंगू करतो तो अशक्तपणा आणि गेलेले कौशल्य. ताठरता दाबल्याने ते परत येत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. साहर्मन व नॉर्टन यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून या मताला पुष्टी मिळाली. कोपराची ऐच्छिक हालचाल मंदावते ती मुख्यतः विरुद्ध स्नायूच्या ताठरतेमुळे नव्हे, तर हालचाल करणाऱ्या स्नायूंची सक्रियता अपुरी असल्यामुळे आणि हालचालीच्या शेवटी ती वेळेवर थांबत नसल्यामुळे, असे त्यांना आढळले.

याच काळात भौतिकोपचाराच्या क्षेत्रात मात्र ताठरतेलाच मध्यवर्ती स्थान होते. थॉमस ट्विचेल यांनी १९५१ साली १२१ रुग्णांच्या निरीक्षणावरून हालचाल परत येण्याचा क्रम नोंदविला होता, आणि सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम यांनी त्याच दिशेने पुनर्वसनाच्या पायऱ्या बांधल्या. लंडन येथील बर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याच्या पद्धतीचा भर आधी अनिष्ट ताण आवरावा व मग योग्य हालचाल घडवावी यावर होता. त्यांचा प्रभाव मोठा होता. तथापि अशक्तपणा भरून काढणारा प्रत्यक्ष सराव अधिक महत्त्वाचा, हा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस बळावत गेला.

४. विषापासून औषधापर्यंत

बोट्युलिनम विषाचा इतिहास जर्मनीतील व्युर्टेम्बेर्ग प्रदेशात सुरू होतो. कवी म्हणूनही ख्यात असलेले वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी बिघडलेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास केला. त्यांच्या १८२२ च्या ग्रंथात १५५ रुग्णांची माहिती आहे. त्यांनी प्राण्यांवर आणि स्वतःवरही प्रयोग केले. हे विष मज्जातंतूंतील संदेशवहन थांबविते, असे अनुमान त्यांनी काढले. आणि अल्प प्रमाणात ते अतिरिक्त हालचालींच्या विकारांवर औषध ठरू शकेल, अशी कल्पनाही मांडली. ही कल्पना प्रत्यक्षात येण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला.

१८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधील एलझेल या गावी अंत्यविधीच्या निमित्ताने जमलेल्या वादकांना मांसातून विषबाधा झाली व तिघे दगावले. गेंट येथील प्राध्यापक एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी त्या मांसातून या विषाचा जीवाणू वेगळा काढून १८९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढचा टप्पा युद्धकालीन आहे. जैविक अस्त्रांच्या संशोधनासाठी उभारलेल्या अमेरिकेतील कँप डेट्रिक येथे ‘अ’ प्रकारचे विष स्फटिकरूपात मिळविण्यात आले आणि १९४६ साली ते प्रसिद्ध झाले. १९४९ साली बर्गेन, डिकेन्स व झॅटमन यांनी हे विष मज्जातंतूच्या टोकाशी ॲसेटिलकोलीनचे स्रवण रोखते हे सिद्ध केले. त्यामागील रेणवीय यंत्रणा, म्हणजे ‘स्नॅप-२५’ या प्रथिनाचे छेदन, १९९३ साली उलगडली. तंतूचे टोक कालांतराने पुन्हा कार्य करू लागते. त्यामुळे परिणाम साधारणतः तीन ते चार महिने टिकतो आणि इंजेक्शन पुन्हा द्यावे लागते.

सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रशल्यविशारद ॲलन स्कॉट यांना तिरळेपणावर शस्त्रक्रियेविना उपाय हवा होता. कँप डेट्रिक येथे काम केलेल्या एडवर्ड शांट्झ यांच्याकडून त्यांना शुद्ध विष मिळाले. माकडांवरील प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाले, तर १९८० साली मानवी उपचारांचा अहवाल आला. १९८९ च्या डिसेंबरात अमेरिकेत तिरळेपणा व पापण्यांचे आकुंचन यांसाठी त्याला मान्यता मिळाली. पुढे अलर्गन कंपनीने ते ‘बोटॉक्स’ या नावाने बाजारात आणले.

५. चाचण्यांचे युग

१९८९ याच वर्षी ब्रिटनमध्ये दास व पार्क यांनी पक्षाघातोत्तर ताठरतेवर हे विष वापरल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. तो मोजक्या रुग्णांचा अनुभव होता; तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ती उणीव १९९६ साली डेव्हिड सिम्पसन व सहकाऱ्यांनी भरून काढली. त्यांनी ३९ रुग्णांवर यादृच्छिक, द्विअंध पद्धतीने प्लासिबो आणि औषधाच्या तीन मात्रा यांची तुलना केली. सर्वांत मोठ्या मात्रेने मनगट व कोपर यांचा ताण घटला. पण हाताच्या कार्यात तितकी स्पष्ट सुधारणा दिसली नाही.

ॲलिसन ब्राशियर व सहकाऱ्यांच्या १२६ रुग्णांवरील चाचणीने २००२ साली प्रश्नाची मांडणीच बदलली. स्वच्छता, कपडे घालणे, हाताची ठेवण आणि वेदना या चार बाबींपैकी सर्वांत त्रासदायक बाब रुग्णानेच निवडावयाची होती. सहा आठवड्यांनंतर औषध मिळालेल्यांपैकी ६२ टक्के रुग्णांत निवडलेल्या बाबीत सुधारणा दिसली, तर प्लासिबो गटात हे प्रमाण २७ टक्के होते. रुग्णाचे दैनंदिन दुःख येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर मोजमापाच्या केंद्रस्थानी आले. तरीही हात स्वतःहून किती काम करतो, हा प्रश्न वेगळाच राहिला.

त्याचे उत्तर उत्तर इंग्लंडमधील ‘बोटल्स’ चाचणीने शोधले. ३३३ रुग्णांपैकी एका गटाला बोट्युलिनम विषासह चार आठवड्यांचा उपचारक्रम आणि दुसऱ्या गटाला केवळ तो उपचारक्रम देण्यात आला. एका महिन्यानंतर हाताच्या सक्रिय कार्यात अपेक्षित सुधारणा पहिल्या गटातील २५ टक्के आणि दुसऱ्या गटातील १९.५ टक्के रुग्णांत झाली. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. मात्र स्नायुताण घटला, हात धुण्यासारखी मूलभूत कामे सुकर झाली आणि वर्षअखेर वेदनाही कमी आढळली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने लँडाऊ यांच्या आक्षेपाला एका अर्थी दुजोरा दिला आणि दुसऱ्या अर्थी त्याची मर्यादाही दाखविली. विषाने कौशल्य परत येत नाही हे खरे. परंतु उघडलेली मूठ, कमी झालेली वेदना आणि हलका झालेला शुश्रूषेचा भार या गोष्टी क्षुल्लक नाहीत.

औषधाच्या मान्यतेचा क्रमही याच काळातील आहे. विष टोचलेल्या जागेपासून दूर पसरण्याच्या धोक्याविषयी ठळक इशारा छापण्याचे बंधन अमेरिकेत २००९ साली घालण्यात आले. प्रौढांच्या हाताच्या ताठरतेसाठी बोटॉक्सला तेथे मार्च २०१० मध्ये, तर पायासाठी जानेवारी २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

६. अलीकडील दिशा आणि भारतीय संदर्भ

शांघाय येथील हुआशान रुग्णालयातील शल्यविशारदांनी २०१८ साली एक वेगळी वाट दाखविली. निरोगी बाजूचा मानेतील सातवा मज्जातंतू पक्षाघात झालेल्या बाजूला जोडून निरोगी मेंदूगोलार्धाकडून त्या हाताला मार्ग मिळवून देणे, ही त्यांची कल्पना होती. पक्षाघातासह अन्य कारणांनी पाच वर्षांहून अधिक काळ एक हात लुळा असलेल्या ३६ रुग्णांपैकी १८ जणांवर शस्त्रक्रिया झाली. वर्षभरानंतर त्यांच्या हाताच्या गुणांकनात सरासरी १७.७ गुणांची, तर केवळ पुनर्वसन मिळालेल्यांत २.६ गुणांची वाढ झाली आणि ताठरताही घटली. ताण आणि कार्य या दोहोंत एकत्रित सुधारणा दाखविणारा हा प्रयोग महत्त्वाचा आहे. मात्र रुग्णसंख्या अल्प व शस्त्रक्रिया अवघड असल्याने तो सार्वत्रिक उपचार म्हणता येत नाही.

भारतातील परिस्थितीत प्रश्न आणखी निराळा होतो. दर तीन-चार महिन्यांनी महागडे इंजेक्शन घेणे अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असते आणि पुनर्वसनाचे काम मुख्यतः घरातील माणसांवरच येऊन पडते. कुटुंबीयांना शिकवून घरीच पुनर्वसन साधेल काय, याचा शोध ‘अटेंड’ या चाचणीने देशातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांमध्ये घेतला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, सहा महिन्यांनंतरच्या मृत्यू वा परावलंबित्वाच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. कुटुंबाची सेवा निष्फळ असते, असा याचा अर्थ नव्हे. प्रशिक्षित उपचारकांची उणीव केवळ कुटुंबाच्या कष्टाने भरून निघत नाही, इतकाच बोध यातून घेता येतो.

निष्कर्ष

१. जॅक्सन यांनी केलेली भावात्मक व अभावात्मक लक्षणांची विभागणी आजही उपयुक्त आहे. बहुतेक उपचारांनी पहिल्या वर्गावर परिणाम साधला. अपेक्षा मात्र दुसऱ्या वर्गातील सुधारणेची बाळगली गेली.

२. उपचारांच्या इतिहासाइतकाच मोजमापाचा इतिहास महत्त्वाचा आहे. ॲशवर्थ श्रेणीने ताण मोजला म्हणून ताण हेच यश ठरले. रुग्णाने निवडलेली अडचण मोजली गेली तेव्हा यशाचा अर्थ बदलला.

३. बोट्युलिनम विषाने वेदना, स्वच्छता व शुश्रूषा यांबाबत खरा दिलासा दिला आहे. गेलेले कौशल्य ते परत देईल, असे आश्वासन उपलब्ध पुराव्यावरून देता येत नाही.

४. म्हणून उपचार सुरू करताना त्याचे उद्दिष्ट रुग्ण व कुटुंबीय यांच्यासमोर स्पष्ट शब्दांत मांडले जाणे आवश्यक आहे. मूठ उघडावी यासाठी खर्च करणे आणि हात पूर्ववत चालावा यासाठी खर्च करणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाला हा भेद आधी सांगणे हा वैद्यकीय कर्तव्याचाच भाग होय.